डबा उलटा करून वाचा: मोटरसायकलच्या ऑइलबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात गाडी सर्व्हिसिंगला टाकताना मिस्त्रीला काय सांगायचं, यावर लिहिलं होतं. त्यात ऑइलबद्दल एकच ओळ होती: गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर ऑइललाच द्यावं लागलं. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलंय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं, म्हणून नुसती गावं ठेवली आहेत. एकाने कारणही लिहिलंय: आमच्या गावचा मिस्त्री तुमचं मासिक वाचतो.

चंद्रपूर: माझ्याकडे सहा वर्षं जुनी स्प्लेंडर आहे. ड्यूटीला जाऊन-येऊन रोज चाळीसेक किलोमीटर होतात. मे महिन्यात इथे पारा ४६-४७ वर जातो. पुस्तकात १०डब्ल्यू-३० लिहिलंय. दुकानदार म्हणतो, हे थंड गावाचं ऑइल आहे, इथे पाण्यासारखं होतं, २०डब्ल्यू-५० टाका. टाकून बघितलं. गाडी गुळगुळीत वाटली, पण सकाळी किक जड लागते. खरं काय?

भाऊ, दुकानदाराचं निम्मं बरोबर आहे. तापलं की ऑइल पातळ होतं. पण तो बोलतोय हवेच्या उन्हाबद्दल, आणि ऑइल राहतं इंजिनात. चालत्या गाडीत तिथे शंभर अंश किंवा त्याहून जास्त गरमी असते, मग ती चंद्रपूरला मे महिन्यात असो नाहीतर महाबळेश्वरला डिसेंबरात. तुमच्याकडे थोडी जास्त, एवढंच. आणि कंपनीने ही गाडी काय फक्त महाबळेश्वरात खपवायला काढली नव्हती.

डब्यावरचे आकडे एकदा नीट समजून घ्या, मग कुणी फसवू शकणार नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला. किती गारठ्यात इंजिन फिरवता येईल इतपत ऑइल पातळ राहतं, ते त्यावरून कळतं. १०डब्ल्यूची ही चाचणी उणे २५ अंशाला होते, १५डब्ल्यूची उणे २० ला आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. आपल्याकडे निफाडला पारा चार-पाचवर उतरला तरी पेपरात फोटो छापून येतात, म्हणजे महाराष्ट्रात या आकड्यावर कुणाची गाडी अडत नाही. डब्ल्यूनंतरचा आकडा १०० अंशाला मोजतात, आणि आपल्या कामाचा तो. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३ आणि ५० म्हणजे १६.३ ते २१.९. सेंटिस्टोक हे ऑइलच्या घट्टपणाचं माप, इतकं कळलं तरी पुरे. म्हणजे ३० च्या जागी ५० ओतलंत की तापलेल्या इंजिनातसुद्धा ऑइल जवळजवळ पावणेदोन पट घट्ट झालं.

आता ते उचलायचं कुणी? स्प्लेंडरचा ऑइलपंप मुठीत मावतो. त्याने तळातलं ऑइल उचलून वर हेडमधल्या, व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमपर्यंत पोचवायचं असतं. रात्रभर गाडी उभी राहिली की वरचं बरंचसं ऑइल खाली उतरतं, आणि सकाळी किक मारल्यापासून ते परत वर चढेपर्यंत कॅम आणि रॉकर जवळजवळ कोरडेच घासतात. इंजिन झिजतं ते जास्त करून तिथे. घट्ट ऑइल घालून तुम्ही ती वेळ वाढवलीत; किक जड लागली ती त्याचीच खूण. आणि गुळगुळीत वाटलं त्यात नवल नाही, घट्ट ऑइल टॅपेटचा, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधल्या फटीचा टकटक आवाज दाबतं. टॅपेट ढिले असतील तर ते ढिलेच आहेत, फक्त तुम्हाला ऐकू येत नाहीत. ॲव्हरेजही थोडं पडलं असेल, मोजून बघा.

रिंगा झिजलेल्या, ऑइल पिणाऱ्या म्हाताऱ्या इंजिनात मी कधी कधी १०डब्ल्यू-४० घालतो, नाही असं नाही. पण गिऱ्हाइकाला सांगून घालतो, की बोअर-पिस्टनचं काम मी फक्त पुढे ढकलतोय.

तुमच्या उन्हाचा खरा धोका वेगळाच आहे. या गाडीला ऑइल बदलताना साधारण ९०० मिली लागतं. एवढ्याशा ऑइलमधलं दोनशे मिली उडालं तर उरलेल्या सातशेला सगळी गरमी झेलावी लागते. हे इंजिन हवेवर गार होतं आणि तुमच्याकडे सिलेंडरच्या फिन्समध्ये, म्हणजे बाहेरच्या पात्यांमध्ये, धूळ आणि कोळशाची पूड घट्ट बसलेली असते. ती जुन्या दातघासणीने काढा, ऑइलचा नंबर बदलण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडेल. आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला ऑइलची पातळी बघा. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावायची, तीन मिनिटं चालू ठेवून बंद करायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं. टोपणाला लागलेली काडी काढून फडक्याने पुसायची आणि परत भोकात नुसती टेकवायची. आटे फिरवायचे नाहीत. फिरवली की काडी जास्त खोल जाते आणि आहे त्याहून जास्त ऑइल दिसतं. गॅरेजमधली निम्मी पोरं फिरवूनच बघतात आणि 'भरपूर आहे' म्हणून सांगतात.

पुणे: मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० वापरतो. बाबांच्या कारसाठी आणलेलं ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक शिल्लक होतं, चांगलं महागातलं. ते मी बुलेटला घातलं. आता खंबाटकी घाट चढताना ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पळत नाही. मिस्त्री क्लचप्लेटा बदल म्हणतो. इतकं भारी ऑइल वाईट कसं असेल?

बाळा, ऑइल वाईट नाही, तुझ्या गाडीचं नाही. तुझ्या बाबांची कार हाताने गिअर टाकायची असेल, तर तिचा क्लच बाहेर कोरडा असतो आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं. इंजिनातल्या ऑइलला फक्त इंजिन सांभाळायचं. तुझ्या बुलेटमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांना एकच ऑइल. क्लचच्या प्लेटा सतत त्यात बुडालेल्या, आणि त्यांनी एकमेकींना घट्ट धरलं तरच ताकद मागच्या चाकापर्यंत जाते.

कारचं ॲव्हरेज वाढावं म्हणून कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घालतात, मॉलिब्डेनमची संयुगं वगैरे. कारला ती फायद्याची. तुझ्या क्लचप्लेटांवर त्यांचा थर बसला की प्लेटा एकमेकींवरून सटकायला लागतात. सपाट रस्त्यावर कळत नाही, घाटात कळतं.

हा घोळ नवा नाही. जपानी कंपन्यांना तो कधीच लक्षात आला होता, म्हणून तिथे १९९८ मध्ये मोटरसायकलच्या ऑइलसाठी जासो टी ९०३ नावाचं वेगळं मानक आलं; जासो म्हणजे वाहनांची मानकं ठरवणारी तिथली संस्था. त्यात ऑइल क्लचच्या प्लेटांवर प्रत्यक्ष चालवून बघतात. प्लेटा धरून राहिल्या तर एमए, सटकल्या तर एमबी. २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले. एमए२ मध्ये पकड जास्त. डब्याच्या पुढच्या बाजूला गाडी उडवणारा हिरो असतो, त्याच्याकडे बघू नकोस. डबा उलटा कर. मागे बारीक अक्षरांत एका चौकटीत एमए, एमए२ किंवा एमबी असं लिहिलेलं असतं. ती चौकटच नसेल तर ते ऑइल गिअरच्या मोटरसायकलला घालायचं नाही, मग डबा कितीचाही असो. एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेच्या गोल शिक्क्यात खालच्या अर्ध्या भागात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' दिसलं तर ते कारचं, तिथेच ठेवून द्यायचं.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. मल्टिग्रेड, म्हणजे डब्यावर दोन आकडे असलेल्या ऑइलमध्ये पॉलिमरच्या लांब साखळ्या असतात, त्यांच्या जोरावर ते गरमीतही घट्टपणा टिकवतं. कारच्या इंजिनात त्यांना फारसा त्रास नाही. मोटरसायकलमध्ये तेच ऑइल गिअरच्या दातांतून जातं, आणि ते दात या साखळ्यांना चरकात घातलेल्या उसासारखं चिरडत राहतात. महिन्या-दोन महिन्यांत ४० चं ऑइल ३० सारखं वागायला लागतं. जासोच्या चाचणीत असं चिरडल्यानंतर किती घट्टपणा उरला तेही मोजतात. तुझ्या गाडीला तर ५० लागतं आणि तू सुरुवातच ३० ने केलीस.

प्लेटा इतक्यात बदलू नकोस. गाडी थोडी फिरवून आण, ऑइल गरम असतानाच सगळं काढ, फिल्टर बदल आणि पुस्तकात आहे ते १५डब्ल्यू-५०, जासो एमएवालं घाल. डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन धुवायला कुणी सांगेल, ते अजिबात करायचं नाही. ते कोपऱ्यात राहतं आणि नव्या ऑइलला पातळ करतं. चारपाचशे किलोमीटर घाट टाळून चालव, परत ऑइल बदल. क्लचच्या लिव्हरला थोडा ढिलेपणा आहे ना, तेही बघून घे. तार ताणलेली असेल तर चांगल्या ऑइलमध्येही क्लच स्लिप मारतो. एवढं करूनही घाटात ओरडत असेल तर मात्र प्लेटा गेल्या. उघडल्यावर स्टीलच्या प्लेटा निळ्या पडलेल्या दिसतील, तेव्हा मिस्त्रीशी भांडू नकोस.

डोंबिवली: जुलैत क्लासिकवर लेहला निघालोय. थंडीसाठी पातळ ऑइल घालू का?

नको. १५डब्ल्यू उणे वीसपर्यंत चालतं, जुलैत खारदुंगला तेवढी थंडी नसते. निघण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदला, त्याच नंबरचा एक डबा बॅगेत ठेवा. वाटेत वेगळंच काहीतरी ओतावं लागू नये म्हणून.

बार्शी: घरी ट्रॅक्टरसाठी १५डब्ल्यू-४० चं वीस लिटरचं बकेट असतंच. तेच दोन मोटरसायकलींना घातलं तर काय बिघडतं? शेजारी कित्येक वर्षं घालतोय, त्याच्या गाडीला काही झालं नाही.

शेजाऱ्याची गाडी चालते याचं मला आश्चर्य नाही. डिझेलच्या ऑइलमध्ये कारच्या पातळ ऑइलसारखी सटकवणारी रसायनं सहसा नसतात, त्यामुळे क्लच धरून राहतो. दादा, तुमचा प्रश्न वेडगळ नाही, पण आधी एक करा: बकेट कशाचं आहे ते नीट वाचा. ट्रॅक्टरवाल्याच्या शेडमध्ये दोन बकेटं असतात, एक इंजिनाचं आणि दुसरं गिअर-हायड्रॉलिकचं, ऑइल ब्रेकवाल्या ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला घालायचं. बकेटं जवळजवळ सारखीच दिसतात. दुसरं चुकून मोटरसायकलमध्ये गेलं तर शेजाऱ्याचा दाखला कामाला येणार नाही.

इंजिनाचंच असेल तरी मी घालणार नाही. डिझेलची काजळी आणि आम्ल सांभाळायला त्या ऑइलमध्ये धातूचे क्षार बरेच असतात. ट्रॅक्टरला ते हवेत. मोटरसायकलचं इंजिन थोडं ऑइल जाळतंच, आणि जळलं की त्या क्षारांची राख होते. ती प्लगवर, पिस्टनच्या माथ्यावर, एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर बसते. जासोच्या मानकात राखेला १.२ टक्क्यांची मर्यादा आहे ती म्हणून. तुमच्या गाडीला ३० लागत असेल तर ४० घट्टही पडतं.

खरं सांगू, मला त्या ऑइलपेक्षा बकेटचीच जास्त भीती वाटते. झाकण अर्धवट, आत लोंबकळणारा प्लास्टिकचा मग, शेडमध्ये कडब्याची धूळ, पावसाळ्यात वरून गळणारं पाणी. ट्रॅक्टरच्या इंजिनात ऑइल भरपूर आणि फिल्टर मोठा, तो थोडीफार घाण पचवतो. रोजच्या जाण्यायेण्याच्या कम्युटर मोटरसायकलमध्ये कितीदा नुसती जाळी आणि गोल फिरणारा रोटर असतो, कागदी फिल्टर नसतोच. वर्षाला एका गाडीला दोन-तीन डबे लागतात. ट्रॅक्टरच्या डिझेलचा खर्च आठवा आणि हे दोन-तीन डबे विकत घ्या.

लांजा: मी शिक्षिका आहे. माझी ११० सीसीची ऑटोमॅटिक स्कूटर आहे. शाळा तीन किलोमीटरवर. पावसाळ्यात ऑइलची काडी काढली तर तिच्यावर पांढरट-पिवळा फेस दिसला. इंजिनात पाणी शिरलं का? दुसरं, यजमानांच्या मोटरसायकलचं उरलेलं ऑइल माझ्या स्कूटरला चालेल का?

बाई, घाबरू नका. पाणी बाहेरून शिरलेलं नाही, तुमच्या गाडीनेच ते बनवलंय. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बरीचशी सायलेन्सरमधून जाते, थोडी रिंगांमधून खाली ऑइलच्या जागेत उतरते. इंजिन नीट तापलं तर तीही उडून जाते. तीन किलोमीटरमध्ये इंजिन कोमट होतं ना होतं, तोवर तुम्ही शाळेत पोचता. कोकणातल्या पावसाळ्यात ती वाफ झाकणाखाली आणि काडीवर थंड होते आणि ऑइलमध्ये घुसळून फेस होतो.

रविवारी रत्नागिरीच्या रस्त्याला पंधरा-वीस किलोमीटर सलग चालवून आणा आणि परत काडी बघा. फेस नाहीसा झालेला असेल. असं आखूड अंतर चालवणाऱ्यांनी किलोमीटर मोजत बसू नये. तुमच्या वर्षभरात तीन हजारही होणार नाहीत, पण ऑइलमध्ये पाणी आणि न जळलेलं पेट्रोल साठत राहतं. सहा महिन्यांनी बदला, एक खेप पावसाळा संपल्या संपल्या. काडी नाकाजवळ न्या. पेट्रोलचा भपकारा आला किंवा पातळी आपोआप वाढलेली दिसली तर तेवढंही थांबू नका. आणि सगळंच ऑइल पांढरं निघालं, किंवा स्कूटर पुराच्या पाण्यात उभी होती, तर सेल्फ मारूच नका. आधी ऑइल काढा.

यजमानांचं ऑइल: स्कूटरचा क्लच कोरडा असतो, ऑइलच्या बाहेर. म्हणून बहुतेक ऑटोमॅटिक स्कूटरांना एमबी सांगतात, त्याने ॲव्हरेज थोडं बरं मिळतं. एमए घातलं तर फार तर तेवढा फायदा जाईल, नुकसान नाही, फक्त आकडा पुस्तकातलाच हवा. उलट मात्र चालणार नाही. तुमचा एमबीचा डबा त्यांच्या मोटरसायकलमध्ये गेला तर पुण्याच्या वरच्या पोरासारखं होईल. आणखी एक. अशा स्कूटरांना साधारण पाऊण लिटर किंवा त्याहून कमी ऑइल लागतं आणि डबा मोटरसायकलचा असला तर तो मोठा. 'उरवायचं कशाला' म्हणून पूर्ण ओततात, आणि मग ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून एअर फिल्टरमध्ये जातं. मोजून घाला. मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं, त्याची आठवण सर्व्हिसिंगला तुम्हीच करून द्या, नाहीतर वर्षानुवर्षं कुणी त्याच्याकडे बघत नाही.

कोल्हापूर: वडिलांची १९९३ सालची आरएक्स १०० परत चालू केली. दुकानात कुणी टू-टी देतं, कुणी फोर-टी, कुणी दोन्ही. कुठे काय घालायचं? आणि सध्या धूर वाढलाय.

भावा, गाडी जपलीस, बरं वाटलं. १९९६ ला बंद झाली तरी कोल्हापुरात तिचं वय कुणी विचारत नाही.

तिला दोन ऑइलं लागतात आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. बाजूच्या टाकीत टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात जळणारं ऑइल. ऑटोल्यूबचा पंप ॲक्सिलरेटरच्या हिशेबाने ते इंजिनात सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. इथे जासो एफसी किंवा एफडी घे, धूर कमी. एफबी जुन्या काळचं. फोर-टी, म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल, या टाकीत कधीच नाही, ते जळायला बनवलेलंच नाही, प्लग काळा करून ठेवेल. आणि गिअरबॉक्समध्ये फोर-टी, २०डब्ल्यू-४०, जासो एमए. टू-स्ट्रोकच्या गिअरबॉक्समध्ये क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून इथेही एमए बघायचंच. मध्ये कधी कुणी पंप काढून टाकला असेल, बऱ्याच गाड्यांत काढलेला असतो, तर पेट्रोलमध्येच लिटरला २५ ते ३० मिली टू-टी मिसळावं लागेल. पंप आहे की नाही हे कव्हर उघडून बघ, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. ऑइलशिवाय हे इंजिन एका फेरीत जाम होतं.

धुराचं: गिअरबॉक्सचं ऑइल मोज. आत्ता किती आहे ते, आणि परत पंधरा दिवसांनी. खाली एक थेंब नाही, तरी ऑइल कमी होतंय आणि धूर वाढतोय, असं असेल तर क्रँकचं क्लचच्या बाजूचं ऑइल सील गेलंय. इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतंय. किरकोळ किमतीचा रबराचा भाग असतो. तो सोडून लोक कार्ब्युरेटर, बोअर, सायलेन्सर सगळं करून येतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ही सीलं कडक होतातच, त्यामुळे मोजायच्या आधीच माझा संशय तिथे आहे.

नाशिक: पल्सर १५० आहे. फुल सिंथेटिक घातलं तर ऑइल दहा हजार किलोमीटरपर्यंत ओढता येईल का?

सिंथेटिक चांगलंच असतं, गरमीत टिकतं. पण इंजिनात उतरणारं पेट्रोल, पाणी आणि काजळी तेवढीच राहते, तिला ऑइल महाग आहे की स्वस्त याच्याशी देणंघेणं नाही. पुस्तकातली मुदत पाळा. ३९० ड्यूकसारख्या तापणाऱ्या इंजिनाला मी सिंथेटिकच सांगतो. तुमच्या गाडीला साधं २०डब्ल्यू-५०, एमएवालं वेळेवर बदललेलं पुरतं. उरलेले पैसे चेन-स्प्रॉकेटला ठेवा.

जालना: डबा खरा की खोटा कसा ओळखायचा?

खोटा डबा हल्ली खऱ्यासारखाच दिसतो, कारण डबा खराच असतो, आतलं ऑइल गाळलेलं जुनं. टोपणाची कडी तुमच्यासमोर तुटली पाहिजे, बॅच आणि तारीख डब्यावर छापलेली पाहिजे, खोडलेली नको. तेल कंपन्यांच्या पेट्रोल पंपावर त्यांचं स्वतःचं ऑइल मिळतं, तिथून आणलेलं बरं. सुटं, पिंपातून मापाने देतात ते घेऊच नका. आणि डबा रिकामा झाला की त्याला भोक पाडा. माझ्याकडे गिऱ्हाईक समोर उभं असेल तर मी त्याच्याच हातात स्क्रूड्रायव्हर देतो.

अहिल्यानगर: नवीन ऑइल पाचशे किलोमीटरमध्येच काळं झालं. भेसळ?

नाही. ऑइलमधलं डिटर्जंट आतली काजळी धुऊन स्वतःत घेतंय. महिनाभर मधासारखं पिवळंच राहिलं तर मला जास्त काळजी वाटेल.

सोलापूर: ऑइल बदलून आणल्यापासून खाली थेंब पडतो. मिस्त्रीने दोनदा आवळून दिला.

तिसऱ्यांदा आवळू देऊ नका. ड्रेन बोल्टखाली ॲल्युमिनियमचा वायसर असतो. तो एकदा दाबला गेला की दुसऱ्या खेपेला नीट बसत नाही, आणि गॅरेजमध्ये तोच परत लावतात. मग थेंब आला की पोरगं पान्यावर पाईप घालून लोंबकळतं. बोल्ट लोखंडाचा, खालची बॉडी ॲल्युमिनियमची. आटे बॉडीचे जातात, बोल्टचे नाही. नवा वायसर घाला, हात पान्याच्या टोकाला न धरता मधोमध धरून आवळा, पुरे. बोल्ट नुसताच गोल फिरत असेल तर आटे गेलेत. एम-सील लावून देणाऱ्याकडे जाऊ नका, लेथवाल्याकडून हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून घ्या.

इस्लामपूर: काढलेलं जळकं ऑइल चेनला लावलं तर चालतं ना? बाकीचं वडील गोठ्याच्या लाकडांना लावतात, वाळवी लागत नाही म्हणतात.

चेनला नको. त्यात धातूची बारीक पूड आणि आम्लं असतात, चेन चकाकते आणि आतून घासते. ९० नंबरचं गिअर ऑइल ब्रशने लावा, रात्रभर मुरू द्या, सकाळी वरचं पुसून टाका. एवढं सोपं असून कुणी करत नाही.

गोठ्याचं म्हणाल तर वडिलांना सांगणं अवघड आहे, मला कल्पना आहे. पण ते ऑइल तिथून पावसाबरोबर मातीत आणि विहिरीत जातं, आणि जनावरं ती लाकडं चाटतात. वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतं, ते नोंदणी असलेल्या माणसाकडेच जायला हवं. घरी ऑइल बदलत असाल तर रिकाम्या डब्यात ते परत भरून जवळच्या मोठ्या गॅरेजला नेऊन द्या. पिंप भरलं की ते विकलं जातं, त्यामुळे कुणी नाही म्हणत नाही. फक्त डब्याला भोक पाडायचं काम त्या वेळी गॅरेजमध्येच करा.